पाटाच्या टोकाचं शेत

बागलाणात मोसम नदीच्या काठी माझं आजोळ. आजोबांची जमीन थोडी होती आणि तीही एका जागी नव्हती. गावच्या बंधाऱ्याखाली चार फड होते आणि चारही फडांत त्यांचा एकेक तुकडा होता. त्यांतला एक पाटाच्या अगदी टोकाला होता. उरलंसुरलं पाणी तिथून पुढे नाल्यात उतरायचं. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले की एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. ज्या रात्री त्या टोकाच्या तुकड्याला पाणी असायचं, त्या रात्री आजोबा घरात गाढ झोपायचे. दारं धरायला पाटकरी जायचा. चारी तोच फोडायचा, वाफे तोच भरायचा, कोणाच्या बांधाशी पाणी अडवायचं आणि कुठे सोडायचं तेही तोच ठरवायचा. सकाळी आजोबा जाऊन पायाने ओल चाचपून यायचे, इतकंच.

लग्नानंतर मी एका सरकारी कालव्यावरच्या गावात शाळेत शिकवू लागले. तिथे पाण्याची पाळी आली की घरातले पुरुष कंदील आणि काठी घेऊन रात्रभर चारीवर बसायचे. बसले नाहीत तर वरचा शेतकरी चारी फोडून पाणी आपल्याकडे वळवणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. ज्यांची शेतं कालव्याच्या टोकाला होती, त्यांनी तर पाण्याची आशाच सोडलेली. दोन्हीकडची माणसं एकाच वळणाची होती. पिकं बरीचशी तीच, देवही तेच. मग एका गावात टोकाचा माणूस झोपतो आणि दुसऱ्या गावात पहिल्या दारावरचाही जागतो, हे कशामुळे? हे पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू झालं. पुढच्या प्रकरणांत पाणी आहे, जंगल आहे, सार्वजनिक तळं आहे, ग्रामसभेची वही आहे. प्रश्न मात्र सगळीकडे एकच: डोक्यावर साहेब उभा नसताना माणसं आपला कारभार आपण चालवतील, इतका भरवसा त्यांना एकमेकांचा वाटू शकतो का?

याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक म्हणतं, गाव करी ते राव न करी. माणसांना मोकळं सोडा, ती आपलं आपण बघतील. दुसरं म्हणतं, आपल्या लोकांना दंडुकाच हवा. हे दुसरं वाक्य मी फार चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. लग्नाच्या पंगतीत, तलाठ्याच्या ओट्यावर, शहरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर जिना उतरताना. दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. भरवसा हा लोकांच्या स्वभावातला गुण आहे, तो असला तर कारभार चालतो आणि नसला तर बुडतो, असं दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं. मला दिसलं ते उलटं. आजोबांचा पाटकऱ्यावरचा भरवसा त्यांच्या भोळेपणातून आलेला नव्हता. ते भोळे मुळीच नव्हते. बाजारात बैल घेताना त्याचे दात तीनदा बघायचे. ते झोपू शकत होते, कारण आपलं पाणी चोरणं कोणालाच परवडणार नाही, अशी मांडणी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी करून ठेवली होती.

ती मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम अशा तापी खोऱ्यातल्या नद्यांवर एकाखाली एक दगडी बंधारे बांधलेले आहेत. त्यांतले काही तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे मानले जातात. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, चाऱ्यांतून शेताशेतांत सारंग जातात आणि जास्तीचं पाणी सांडमातून परत नदी-नाल्याकडे जातं. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले असतात, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता फड यंदा विश्रांतीला, हे सगळे मिळून ठरवतात आणि दर वर्षी पीक एका फडातून दुसऱ्यात सरकतं.

वाचताना हा शेतीचा तपशील वाटेल. पण भरवशाचं मूळ त्यातच आहे. एका फडात सगळ्यांचं पीक एकच असल्यावर सगळ्यांना पाणी एकाच वेळी, एकाच मापाने लागतं. माझा ऊस आणि तुझा हरभरा असा वाद उरत नाही. आमच्या गावी फडातला शेवटचा वाफा भिजल्याशिवाय पाणी पुढच्या फडाकडे वळत नसे. मुख्य म्हणजे, व्यवस्था नीट असेल तिथे प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. नदीला पाणी कमी दिसलं की त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. मग कोरडं पडण्याचं दुःख एकट्या टोकाच्या माणसाच्या वाट्याला जात नसे. पहिल्या दारावरच्या पाटलाचाही एक तुकडा कोरडा राहायचा. जो माणूस वरच्या फडात पहिला, तो खालच्या फडात कदाचित शेवटचा. आज मी तुझं पाणी वळवलं, तर उद्या दुसऱ्या फडात तू माझ्या वर आहेस, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

आणि तरीही माणसाला मोह होतोच, हे त्या लोकांनी मान्य केलेलं होतं. म्हणून शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत, हा नियम. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, या सगळ्यांवर हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात आणि जमिनीच्या प्रमाणात सगळ्यांकडून. पाटकऱ्याचं पोट सगळ्यांच्या खळ्यावर अवलंबून, म्हणून तो कोणा एकाचा होऊ शकत नसे. वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा. आला नाही तर दंड, पण फार मोठा नाही. आजोबा सांगायचे, दंडाच्या पैशांपेक्षा चावडीवर नाव वाचलं जाण्याची लाज मोठी. राखणीची नजर, लहानशी शिक्षा, चारचौघांत हिशेब आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला: फडाचा भरवसा या गोष्टींतून दर वर्षी नव्याने पिकायचा.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपलं आणखी एक जनावर सोडत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं. म्हणून जे सगळ्यांचं ते एक तर खाजगी करा, नाही तर सरकारच्या हाती द्या, असा त्याचा अर्थ धोरण आखणाऱ्यांनी काढला. त्या लेखातले गुराखी एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. मला तो लेख वाचताना सतत हेच खटकत राहिलं. कुठल्या गावातले गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत? एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जपान, स्वित्झर्लंड, स्पेन, फिलिपाइन्स अशा ठिकठिकाणच्या सामाईक व्यवस्था तपासून दाखवून दिलं की बोलणारी, नियम करणारी आणि ते शेकडो वर्षं पाळणारी माणसं आहेत. १९९० मध्ये तिचं पुस्तक आलं, २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी बसतात, तक्रार तोंडी, सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. वकील नाही. ते वर्णन वाचलं तेव्हा मला आमच्या गावची चावडी आठवली.

फड मोडले कसे, हेही सांगायला हवं, कारण त्याबद्दल एक गैरसमज आहे. लोक बिघडले, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत, असं म्हटलं जातं. आमच्या गावात मी जे पाहिलं त्यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. विहिरी झाल्या, विहिरींवर पंप बसले, काही नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली. ज्याच्या विहिरीला पाणी लागलं त्याला पाळीची वाट बघायची गरज उरली नाही. त्याने फडात उसाऐवजी आपल्याला परवडेल ते पीक घेतलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. गाळ काढायला तो येईना, कारण पाटाचं पाणी त्याला लागतच नव्हतं. पाटकऱ्याला धान्य द्यायला तो कुरकुरू लागला. दहा-पंधरा वर्षांत पाटकऱ्याचा मुलगा मालेगावला यंत्रमागावर गेला. विश्वासघात असा कुठेच झाला नाही. एकमेकांची गरज संपली, आणि गरजेवर उभा असलेला भरवसा तिच्याबरोबर गेला. ज्यांच्या विहिरीला पाणी लागलं नाही त्यांच्याकडे तेव्हा कोणी पाहिलं नाही. ते टोकालाच होते. या वेळी तर सगळ्याच फडांत टोकाला.

इथवर मी फडाचं गुणगान केलं. आता त्याच गावाकडे दुसऱ्या दारातून बघायला हवं. खानदेश-बागलाणात जागल्याचं काम बहुधा भिल्ल समाजाकडे असायचं. आमच्या गावीही तसंच होतं. सगळ्या गावाचं पीक ज्याच्या भरवशावर रात्री उभं, त्या जागल्याची फडात वीतभरही जमीन नव्हती आणि फडाच्या बैठकीत त्याला बसायला जागा नव्हती. माझी आजी निंदणीपासून खळ्यापर्यंत सगळं शेत सांभाळायची. आजोबा वारल्यावर तर तिनेच दहा वर्षं शेती केली. बैठकीला तिच्या वतीने दीर जायचा. पाचामुखी परमेश्वर असं आपण म्हणतो. ते पाच कोण, हे विचारायला मी बऱ्याच उशिरा शिकले.

गोव्यातली गावकरी ही अशीच थोर आणि अशीच बंद व्यवस्था. खाऱ्या पाण्यातून खाजन जमिनी मिळवणं, बांध राखणं, मानशीची दारं भरती-ओहोटीच्या हिशेबाने उघडणं-मिटणं, ही कामं गावकारांच्या सभेने शतकानुशतकं केली. पोर्तुगीज आले तेव्हा ती इतकी पक्की होती की १५२६ मध्ये त्यांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढून मान्य केले. उत्पन्नातून गावकाराला ‘जोण’ नावाचा वाटा मिळायचा. पण गावकार होणं जन्मावर होतं आणि पुरुषाच्या जन्मावर होतं. त्याच गावात, त्याच बांधाआड दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला सभेत स्थान नव्हतं.

पण या प्रश्नाची सगळ्यात कठोर परीक्षा महाराष्ट्रात झाली ती महाडला. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण चवदार तळ्यावर आहे. स्वराज्याच्या गोष्टी बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या तळ्याच्या काठी थोडा वेळ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. घटनाक्रम असा. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिका म्हणजे गावानेच निवडलेली संस्था. म्हणजे वर कायदेमंडळाने सांगितलं आणि खाली गावाच्या पंचांनी मान्य केलं. कागदावर यापेक्षा चांगलं स्वशासन कोणतं? तीन वर्षं गेली. तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी प्यायला गेला नाही. जाण्याची शक्यताच नव्हती. मुसलमान, ख्रिश्चन सगळे तिथलं पाणी भरत होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेला जमलेले हजारो लोक शिस्तीने चालत तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या, विसावलेल्या माणसांवर हल्ले झाले. मग तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तळं सार्वजनिक की खाजगी, हा वाद दहा वर्षं कोर्टात चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या गोष्टीत मला सतत अस्वस्थ करणारी बाब ही, की महाडच्या हल्लेखोरांचा एकमेकांवरचा भरवसा पक्का होता. अफवा तासाभरात गावभर गेली, माणसं जमली, लाठ्या आल्या. सामूहिक कृतीची क्षमता म्हणून समाजशास्त्राच्या पुस्तकात जे कौतुकाने लिहिलेलं असतं, ते सगळं तिथे होतं. म्हणजे घट्ट भरवशाच्या गावात कुंपणही तितकंच घट्ट असू शकतं. आणि ते कुंपण आतून उघडलं नाही; उच्च न्यायालय नावाच्या बाहेरच्या दारातून न्याय आत आला. तेव्हा नगराध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस मात्र बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते, हेही लिहून ठेवायला हवं. आतला एक माणूसही पुष्कळ असतो, पण तो पुरेसा नसतो.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांच्या पंचायतींना राज्याचा पाया मानायला नकार दिला. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि घटनेचा घटक म्हणून व्यक्तीला धरलं. सभागृहातले अनेक गांधीवादी दुखावले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत आला, तो आजचा अनुच्छेद ४०. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळायला त्यानंतर पंचेचाळीस वर्षं लागली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. या वादात कोण बरोबर होतं, असं मला तरुणपणी विचारलं असतं तर मी आजोबांची बाजू घेतली असती. आज मी म्हणेन, बाबासाहेबांचा आक्षेप समोर ठेवूनच गावाची बाजू घेता येते. तो टाळून घेतलेली बाजू जागल्याला दाराबाहेर ठेवते.

तो आक्षेप समोर ठेवून कोणी नियम केले का? केले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक इंजिनिअर-उद्योजक त्या भागात फिरले. हजारो माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि त्या खडीने कोणाच्याच शेतात पाणी येणार नव्हतं. त्यांनी नायगावला देवस्थानची पडीक जमीन कसायला घेतली, माती-पाणी अडवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहा. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी आपल्या खिशातून घालायचा. आणि पाणी वाटायला पाटकरी, सगळ्यांनी नेमलेला.

फडाचा पाटकरी इथे परत आला, पण फडात ज्याला जागा नव्हती तो भूमिहीनही इथे आत आला. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या पाण्याच्या इतिहासातलं हे फार मोठं पाऊल आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळू नयेत याचा मला राग येतो. ऊसबंदीचा नियम अनेकांना जाचक वाटला, आणि पाणी माणशी वाटण्याचं तत्त्व राज्याने सरसकट स्वीकारलं नाही. पुढे नाशिक जिल्ह्यात ओझरजवळ वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था झाल्या, पाणी घनमीटरने मोजून घेऊ लागल्या, ते आपणच वाटू लागल्या, आणि ज्या टोकाला पाणी पोचत नव्हतं तिथे ते पोचलं. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. कायद्याने संस्था पुष्कळ नोंदल्या गेल्या. जिथे नोंदणीआधी लोक महिनोन्‌महिने भांडून-बोलून बसले होते, तिथल्या टिकल्या; जिथे फॉर्म आधी भरला गेला, तिथे पाटी उरली.

बोलून बसणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावाने हेच काम चाळीस वर्षं चिकाटीने केलं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आता सगळ्यांना माहीत आहे. घोषणेमागची बैठक मात्र थोड्यांना माहीत आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढच्या सभेला जातो, पुन्हा पुढच्या. एकाचाही विरोध असला तर थांबायचं. शिवाय गावात अभ्यासगट आहेत. तिथे कायदा वाचायचा, जंगलातली झाडं मोजायची, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारायचं, पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत पोसली, पण ती चालवली सगळ्या गावाने, आणि दारूबंदीपासून तिच्यात बायकांचा रेटा मोठा होता. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

सर्वसहमतीने काम खोळंबतं, असं मला एका निवृत्त अधिकाऱ्याने सांगितलं होतं. खोळंबतं, हे खरं. पण विचार करा, बहुमताने हरलेला माणूस सभेतून घरी जाताना काय घेऊन जातो? तो नियम मोडण्याची संधी शोधत जातो, आणि मग त्याच्यावर राखण ठेवावी लागते. ज्याच्यासाठी सगळं गाव तीन सभा थांबलं, त्याला नियम मोडताना चार वेळा विचार करावा लागतो. सभेत वाचवलेला वेळ पुढे चारीवर जागून काढावा लागतो. अर्थात शंभर घरांच्या गावात जे जमतं ते दहा हजार वस्तीच्या गावात तसंच्या तसं जमणार नाही. ज्या गावात एकाच घराची चार माणसं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, तिथे सर्वसहमती हे दडपणाचं दुसरं नाव होऊ शकतं, हेही मी जाणते. मेंढ्याची गोष्ट सांगताना मी कुठल्याही गावाला नमुना देत नाही. एक सभा किती धीर धरू शकते, एवढंच दाखवते.

इतर ठिकाणच्या ग्रामसभांबद्दल काय लिहायचं? या पुस्तकासाठी मी पुष्कळ गावांच्या इतिवृत्ताच्या वह्या पाहिल्या. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही, म्हणून पुढच्या तारखेला पाच-सात सह्यांवर सगळे विषय मंजूर. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. तोच शब्द, सर्वानुमते! मेंढ्यात ज्या शब्दासाठी लोक महिने घालवतात, तो इथे शिक्क्यासारखा उमटतो. एका गावच्या वहीत मला महिला सभेचं पान सापडलं. अकरा बायकांचे अंगठे आणि सह्या, आणि एकच विषय: शाळेच्या वाटेवरचा दिवा. पुढच्या चार सभांच्या पानांवरही तोच विषय होता. त्यानंतरच्या पानावर नव्हता, म्हणून मी गावात जाऊन पाहिलं. दिवा लागलेला होता. लोकांना सभेला येण्यात रस नाही, असं सरपंच मला सांगत होते. मला ती पाच पानं दिसत होती.

राहता राहिला तो बाहेरच्या हाताचा प्रश्न. आपणच आपलं सरकार म्हणताना सरकारला अजिबात दूर लोटावं का? महाड मला तसं म्हणू देत नाही. फडात इंग्रजांच्या काळीही सरकार होतं. सारा घ्यायचं आणि पाटाच्या भांडणात सहसा पडायचं नाही. ते न पडणं मोलाचं होतं. महाडला मात्र कोर्टाने पडणं मोलाचं ठरलं. कुठे पडायचं आणि कुठे नाही, याचं एक माप मला अनुभवाने सापडलंय आणि या पुस्तकातली सगळी प्रकरणं मी त्या मापाने मोजली आहेत. पाटाच्या टोकाच्या माणसाला विचारायचं. त्याला पाणी मिळालं का, ते मिळालं नाही तर तो ते कुणाला आणि कुठे सांगू शकतो, आणि सांगितल्यावर त्याच रात्री तो निवांत झोपू शकतो का. पहिल्या दारावरच्या माणसाची साक्ष मी कुठेच पुरेशी मानलेली नाही. आजोबांची मानलेली नाही, तीही याच कारणाने, कारण त्यांच्याखाली जागल्या होता. ज्या गावांत मला अशी साक्ष मिळवता आली नाही, ती गावं कितीही नावाजलेली असली तरी पुस्तकात घेतलेली नाहीत. वाचकाला काही प्रसिद्ध नावं इथे दिसणार नाहीत, त्याचं कारण हे.

छपाईला द्यायच्या आधी मी पुन्हा आजोळी जाऊन आले. टोकाचा तो तुकडा आता मामेभावाकडे आहे. सारंग बुजलेत, पाटात वेड्या बाभळी माजल्यात. शेताच्या कोपऱ्यात विहीर आहे, फेब्रुवारीत तळ गाठते. शेतीची वीज रात्रीची, म्हणून त्याचा मुलगा मोटार सुरू करायला मध्यरात्री उठून जातो. ज्या शेतासाठी पणजोबा झोपायचे, तिथे पणतू जागतो. दोन वर्षं सलग विहिरी आटल्यावर गावात बोलणं सुरू झालंय की बंधाऱ्याची डागडुजी करावी, पाट साफ करावा, निदान पावसाळ्यातलं पाणी फिरवून विहिरींना जिरवावं. मी होते त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक झाली. वीसेक माणसं, त्यांत चार बायका. ज्यांच्या विहिरींना अजून पाणी आहे त्यांनी गाळ काढायला यायचं की नाही, यावर दोन तास वाद झाला. एकजण उठून गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन बसला. काहीच ठरलं नाही. पुढची बैठक सोमवारी ठेवली. उठताना मामेभावाच्या सुनेने विचारलं, पाट भिल्लवस्तीच्या मागून जातो, तर त्या लोकांना कोणी बोलावलंय का? क्षणभर कोणी बोललं नाही. मग एक म्हातारे म्हणाले, जागल्याच्या नातवाला पाटाच्या सगळ्या मोऱ्या माहीत आहेत, त्याला निरोप द्या. तेव्हा ती म्हणाली, एकट्याला कशाला, सगळ्यांनाच सांगते, आणि पदर खोचून वस्तीच्या वाटेला लागली.